तवा कुणाला धरतो, कुणाला सोडतो

माझे दोडामार्गचे घरमालक काय काम करायचे, असं कुणी विचारलं की मी अजूनही अडखळते. एकदा आईला फोनवर मी 'वेल्डर आहेत' असं सांगून मोकळी झाले, तर ते त्यांनी अंगणातून ऐकलं आणि तरातरा माझ्या खोलीच्या दाराशी आले.

"वेल्डर जोडता गो बाय. मी चढवतंय."

एवढं बोलून ते गेले. काय चढवतात, कशावर चढवतात, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. आईने पलीकडून विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "चढवतो म्हणाले." आई आवाज खाली आणून म्हणाली, "सकाळी सकाळीच?"

खरं तर काका, म्हणजे हे घरमालक, दारूच्या थेंबाला शिवत नसत. पण आईचा गैरसमज दूर करायचा तर ते काय चढवतात हे मला आधी कळायला हवं होतं. मी साताऱ्याकडच्या माणदेशातली, कृषी सहाय्यक म्हणून पहिलीच नेमणूक, काजू फक्त दिवाळीच्या डब्यात पाहिलेला. तालुक्यातल्या लोकांना काजूची झाडं कशी सांभाळायची ते मी सांगायचं, असं सरकारचं म्हणणं होतं. थोडक्यात, त्या गावात न समजणाऱ्या गोष्टींची मला काही कमतरता नव्हती. त्यात काकांची भर पडली.

पुढच्या घरात काका आणि काकी, मागच्या खोलीत मी, आणि मध्ये पत्र्याची शेड. शेडमध्ये एक कॉम्प्रेसर होता. तो सुरू झाला की माझ्या खोलीतल्या कपबश्या वाजायच्या. मग फुस्स असा मोठा आवाज यायचा आणि पत्र्याच्या फटींतून उजेड दिसायचा. काका गोव्यात जहाजं दुरुस्त करण्याच्या कारखान्यात होते. तिथे झिजलेल्या दांड्यांवर, गंजणाऱ्या पत्र्यांवर वितळलेल्या धातूचा फवारा मारायचं काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावर तसलीच एक जुनी गन कुठूनशी मिळवून त्यांनी घरी आणली आणि जहाजं सोडून तव्यांच्या मागे लागले.

एकदा मी धीर करून विचारलंच. त्या दिवशी स्वारी खुशीत होती. गन हातात घेऊन त्यांनी मला सगळं दाखवलं.

"ही तार हयसून भितूर जाता. ज्योतीत इतळता. हवा तिका उडवता. बारीक बारीक कण होतत आणि तव्यार जावन बसतत. थंड झाले की संपला. मगे ते तव्याचेच."

"आणि त्यावर?"

"त्येच्यार ता काळा. नॉनस्टिक."

"म्हणजे नॉनस्टिक टिकावं म्हणून खाली धातूचा थर?"

"खरखरीत थर. आदी तव्याक वाळूच्या मारान ओरबाडूचा, मगे धातू चढवचो, मगे ता काळा. खरखरीताक ता घट्ट धरून रवता. गुळगुळीतार काय धरता? चिऱ्याक गिलावो धरता. काचेक धरता काय?"

जांभ्याच्या चिऱ्याचं उदाहरण मला पटलं. मग माझ्या डोक्यात जे आलं ते मी विचारलं, की ज्याला काहीच चिकटत नाही असं ते काळं, ते तव्याला तरी कसं चिकटतं?

काका एकदम गंभीर झाले. गन खाली ठेवली. माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदाच शहाण्यासारखं काही बोलले.

"ताच तर!" ते म्हणाले आणि कॉम्प्रेसर सुरू केला.

मी बराच वेळ उत्तराची वाट पाहत उभी राहिले. तेच उत्तर होतं.

काकांचा उजवा अंगठा कधी स्वस्थ नसे. दिसेल त्या वस्तूवरून तो फिरे. भिंत, आंबा, देवळाचा खांब, कुणाच्याही नव्या मोटारसायकलची टाकी. खरखरीत लागलं की चेहरा खुलायचा, गुळगुळीत लागलं की कपाळाला आठी. बाजारातून जाणारा रस्ता नव्याने केला तेव्हा उद्घाटनाच्या मंडपाशेजारी बसून त्यांनी रस्त्यावरून अंगठा फिरवला आणि पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "ह्यो काय धरूचो नाय." पावसाळ्यात तो रस्ता गेला तेव्हा लोक काकांना ज्ञानी समजायला लागले. पण तेच काका माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाबद्दल, फोनवरचा फोटो बघून, "गुळगुळीत आसा, नको" असं म्हणाले, तेव्हा हे ज्ञान कितपत घ्यावं मला कळेना. स्थळ मी नाकारलं. त्यांच्यामुळे की माझ्यामुळे, तेही मला सांगता येणार नाही.

गावात त्यांच्या कामाबद्दल माझ्याहून जास्त गोंधळ होता. कुणी म्हणे काका एसीत गॅस भरतात. एक काजूवाला दोन्ही हात पुढे करून आला. बियांच्या टरफलाच्या तेलाने काळवंडलेले तळवे दाखवून म्हणाला, "काका, हातांक काय तरी मारा, ह्या चिकाटता ता बंद होवंदे." काकांनी त्याचे तळवे अंगठ्याने तपासले आणि म्हणाले, "हात बरे आसत. खरखरीत आसत." तो बिचारा खूश होऊन गेला. हात होते तसेच काळे.

हे सगळं चाललं होतं ते काकींसाठी. हे मात्र मला पहिल्या आठवड्यातच कळलं, कारण ते कळायला काकांच्या बोलण्याची गरज नव्हती. सकाळी घरात शिरलं की दिसायचं.

काकींना मी यायच्या आधी अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. बोलणं चालणं ठीक होतं, उजवा हात मात्र ऐकत नसे. आणि काकी म्हणजे घावनं. पहाटेपासून तांदळाच्या पिठाचा तो पांढरा, मऊ, पातळ प्रकार त्यांच्या हातून असा यायचा, की वाटेने जाणारी माणसं काहीतरी निमित्त काढून पडवीत टेकत. सासूच्या काळचा बिडाचा तवा होता, पण तो आता त्यांना उचलवत नव्हता. म्हापशाला दिलेली मुलगी दर खेपेला एक चकचकीत हलका नॉनस्टिक तवा घेऊन यायची. सोबत लाकडी उलथनं. काकी ते उलथनं गायीची पेंड ढवळायला ठेवायच्या. लाकडाची कड जाड, ती घावनाखाली शिरत नाही, म्हणून त्यांना स्टीलचंच लागायचं. ते त्या उजव्या मुठीत आवळून धरायच्या, अख्ख्या खांद्याने रेटायच्या, आणि तवा खर्र करून ओरडायचा. थोड्याच महिन्यांत पांढऱ्या घावनावर काळे कपचे. काकी ते नखाने वेचायच्या, आणि ज्यात जास्त कपचे ते घावन गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायच्या. काका समोर बसून हे बघायचे. खाऊन झालं की हात धुवायचे आणि शेडमध्ये जायचे.

मुलगी म्हणायची, आई, आता पुरे, डबा लावू. काकी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. मग एका सकाळी, आणखी एक तवा सोलला गेल्यावर, त्यांनीच काकांना सांगितलं. मी चहा घ्यायला बसले होते.

"आता एकच करा. तो शेवटचो. तोव गेलो तर मी चुलीकडे उभी रवाचंय नाय. मगे चेडू सांगता तसो डबो आणा."

रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. चुलीशी उभं न राहणाऱ्या काकी म्हणजे काय, हे काकांना माहीत होतं. मला भयंकर वाईट वाटलं आणि मी आणखी एक घावन मागितलं, जे मला नको होतं.

तोवर काकांचे बरेच तवे वाया गेले होते. एक तवा फवाऱ्याच्या उष्णतेने असा वाकला, की शेगडीवर ठेवला की हळूहळू गोल फिरायचा. "फिरांदे," काका म्हणाले, "घावन गोलच व्हया मा?" दुसऱ्यावर धातू इतका जाड बसला, की घावन त्याच्या खाचांत शिरलं आणि दोघांना वेगळं करायला कोर्टात जावं लागलं असतं. तिसऱ्यावरचा सगळा थर बिस्किटासारखा अखंड निघून आला. तव्यात कधीकाळी मुरलेलं तेल नीट जाळलं नव्हतं, म्हणून. काकांनी ती धातूची साल उचलून उन्हात धरली, बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि खिळा ठोकून शेडच्या भिंतीला लावली. हे चिडून केलं की कौतुकाने, मी ओळखू शकले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर दोन्ही होतं.

परीक्षा घ्यायची त्यांची पद्धतही जगावेगळी होती. तयार तव्यावर ते फणसाचा चीक ओतत. फणसाचा चीक हाताला लागला तर तेलाने घासल्याशिवाय जात नाही, हे कोकणात पोराटोरांना ठाऊक असतं. तो ज्याला चिकटला नाही त्याला जगात काही चिकटणार नाही, असं त्यांचं शास्त्र. फणसाचा हंगाम नसला की ते कासावीस होत, म्हणून काडीला गुंडाळून चिकाचे गोळे त्यांनी साठवून ठेवले होते; तापवले की ते पुन्हा ओतता येत. आमच्या कार्यालयात मला एकदा पत्र आलं, फणसाचं बारमाही वाण आहे का अशी विचारणा करणारं. खाली सही नव्हती, पण अक्षर मी भाड्याच्या पावतीवर पाहिलं होतं.

शेवटच्या तव्याच्या वेळी त्यांनी मला हाक मारली. शेड झाडलेली होती. तवा वाळूच्या माराने राखी, धुरकट झालेला, स्टँडवर उभा. समोर नारळ, विड्याचं पान, उदबत्ती. काकांनी डोक्यावर टोपी घातली होती. हात जोडून त्यांनी देवळात घालतात तसं गाऱ्हाणं सुरू केलं. कोकणात देवाला काही मागायचं तर एकाने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची, अशी रीत आहे. मला ती माहीत नव्हती. मी भक्तिभावाने गप्प उभी होते.

काका थांबले. एक डोळा उघडला. "गो, व्हय म्हाराजा म्हण. कोण म्हणलाच नाय तर देवाक वाटतला माका एकट्याकच व्हया."

मग त्यांनी पहिल्यापासून धरलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तव्यार जा काय चढतला, ता तव्याक धरून रवांदे!"

"व्हय म्हाराजा."

"घावन मातर तव्याक धरून रवाचा नाय, ता सुटान येवंदे!"

"व्हय म्हाराजा."

"उलतना लागला तरी थर हलाचो नाय!"

"व्हय म्हाराजा!" मला आता सूर सापडला होता.

"आणि तिच्या हातात जा काय उरला आसा म्हाराजा, ता तिच्याच हातात रवांदे."

काका डोळे मिटून माझी वाट बघत राहिले. मी कसंबसं म्हटलं. ते टोपी काढून चष्मा घालायला लागले.

फवारा मारून झाल्यावर तवा गोव्यात गेला. तिथे ओळखीच्या एका वर्कशॉपच्या भट्टीत काळा थर भाजून घ्यावा लागे. काका तवा मांडीवर घेऊन गेले आणि मांडीवर घेऊन आले. फणसाचा चीक ओतला, तो गोळा होऊन घरंगळला. स्टीलच्या उलथन्याने तवा ओरबाडला, उलथनं खालच्या धातूच्या टोकांटोकांवरून सरकत गेलं, काळ्याला धक्का नाही. काकांनी मला अंगठा फिरवून पाहायला लावलं. वरून मऊ, खाली कुठेतरी खरखर. मला ते कळल्यासारखं वाटलं, आणि विचार करायला गेले तर पुन्हा निसटलं.

दुसऱ्या सकाळी काकींनी त्या तव्यावर पहिलं घावन घातलं. झाकण काढलं. उलथनं लावायच्या आधीच घावन हललं. काकींनी तवा नुसता कलता केला आणि घावन आपल्या पायांनी चालत ताटात आलं. काकींनी ते पाहिलं. दुसरं घातलं, तेही तसंच. तिसरं, चौथं. उलथनं त्यांच्या मुठीत तसंच राहिलं.

"कसो आसा?" काकांनी विचारलं.

काकी तव्याकडे बघत म्हणाल्या, "बरो आसा. ह्येच्यार घावन कोणाकय जमतला."

काकांना जग जिंकल्यासारखं झालं. ते तसेच बाजारात गेले आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "ती काय म्हणाली म्हायत आसा? कोणाकय जमतला!" चहावाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, एसटीच्या वाहकाला सांगितलं. मलाही दोनदा सांगितलं. मीसुद्धा हसत होते. ते कौतुक आहे, असंच मला वाटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला जायच्या तयारीने पुढच्या घरात गेले तर स्वयंपाकघरातून आवाज नाही. काकी पडवीत खुर्चीवर, तोंड रस्त्याकडे. काका उंबऱ्यात उलथनं घेऊन उभे.

"गो उठ. तवो तापलो."

"तुमी घाला."

"मी?"

"कोणाकय जमता मा?"

"पण तूच सांगलंस बरो आसा म्हणान!"

"बरोच आसा. म्हणान तर. त्येका हाताची गरजच नाय." काकींनी आपला उजवा हात मांडीवरून उचलून डाव्या हातात घेतला. "इतके दिवस मी खांदो मोडीसर घावन सोडवी होतंय. कोणाक जमत नव्हता म्हणान. आता तवोच सोडवता. मगे मी थंय उभी रवान काय करू?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. त्या माणसाने आयुष्यभराची विद्या पणाला लावून जे मिळवलं होतं, त्यानेच जे जायला नको होतं ते चाललं होतं. यात चूक कुणाची, हे मला त्या क्षणी कळलं नाही, आणि काकांना तर मुळीच कळलं नव्हतं. मग ते वळून आत गेले. मला वाटलं, तवा घेऊन बाहेर फेकतात की काय. पण त्यांनी पीठ घेतलं.

काकांनी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा घावन घातलं. मध्ये एक मोठी वाटी ओतली आणि वाटीच्या बुडाने पसरली. झाकलं. घावन निघालं, अगदी अलगद, तव्याला कुठे डागसुद्धा नाही. ते त्यांनी ताटात घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून काकींपुढे नेलं.

काकींनी ताटाकडे पाहिलं. डाव्या हाताने घावन उचललं आणि उजेडाकडे धरलं. उजेड काही आरपार आला नाही.

"जाळी खंय ह्येका?"

"सुटला ना पण?" काका म्हणाले.

"सुटला. पण काय सुटला? ह्या घावन? ही गोधडी!" काकींचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी चढला. "घावन असा ओततत? मदी? घावन कडेसून ओतूचा, वयसून, गोल. हात लावचो नाय, पसरूचा नाय. पीठ आपणच धावता आणि भोका पडतत. पीठ तरी कसला केलास, भिंत लिंपूक घेतलास काय? पाणी खंय आसा?"

बोलता बोलता त्या उठल्या होत्या. भिंतीला धरून आत गेल्या. पिठात पाणी घातलं, वाटी डाव्या हातात घेतली आणि तव्याच्या कडेने वरून एक धार सोडली. चर्र झालं. पांढऱ्या घावनावर बारीक बारीक डोळे उघडत गेले. ओतायचं काम त्यांनी झटक्यानंतर केव्हाच डाव्या हातावर सोपवलं होतं, आणि त्यात कधी अडलं नाही म्हणून ते काम आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. सोडवण्यातच सगळं कसब आहे, असं त्या धरून बसल्या होत्या. आम्हीही तेच धरून बसलो होतो.

काका शेजारी उभे राहून वाकून बघत होते. काकींनी दुसरी वाटी भरली आणि कोपराने त्यांना ढोसलं.

"तुमी भायर जावा आदी. मदी मदी करू नकात."

काका बाहेर आले आणि पायरीवर माझ्याशेजारी बसले. त्यांच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"माका भायर काढल्यान," ते म्हणाले. मग जरा थांबून पुन्हा, "गो, माका भायर काढल्यान!"

माझी ऑफिसची एसटी निघून गेल्याचा आवाज रस्त्यावरून आला. मी उठले नाही. मी विचारलं, "काका, मग तवा जमला म्हणायचा की नाही?"

त्यांनी विचार केला. खूप विचार केला. "ता माका काय इचारतंस? तिका इचार."

आतून काकींची हाक आली, "गो, ताट घेवन ये, थंड होता!" मी ताट घेऊन आत गेले. काका पायरीवरच बसून राहिले. त्यांना भूक लागली होती, पण बोलावल्याशिवाय आत यायची त्यांची छाती नव्हती.